खादाड कोणाला म्हणावे?



हा लेख मी थोड्या संकोचानेच लिहीत आहे, कारण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बेळगावच्या मंडळीत कापणीच्या सणाच्या उपासनेत उपदेश करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. विषय होता देहाचे कारभारीपण. आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही पौलाची शिकवण समजावताना मी सहज बोलून गेलो, "आपल्यापैकी काहींनी तर ह्या मंदिराला महापालिकेची परवानगी न घेताच बरेच वाढीव बांधकाम केले आहे!" मंडळी खळखळून हसली. उपासनेनंतर दोघातिघांनी माझा हात हातात घेऊन उपदेश छान झाल्याचे सांगितले. मलाही तो रंगला असेच वाटले.

त्या दिवशी तिसऱ्या बाकावर आमच्या रविवार शाळेच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. गेली वीस वर्षे त्या लहान मुलांचा वर्ग घेतात. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. आम्ही सर्व त्यांना ताई म्हणतो. ताईही हसल्या. त्यानंतर मागच्या हॉलमध्ये प्रीतिभोजन होते. ताई जेवायला थांबल्या नाहीत. नाताळच्या जेवणालाही थांबल्या नाहीत. माझ्या मात्र ते लक्षातही आले नाही.

पुढे काही महिन्यांनी कळले की, ताईंनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "तोंडाला कुलूप लावता आले नाही म्हणून पोट कापून घेतले." एक भगिनी म्हणाल्या, "उपास-प्रार्थनेने झाले नसते का?" आणखी कोणी खर्चाचा हिशोब मांडला. मी ताईंच्या समाचाराला गेलो. चहा माझ्यापुढे ठेवून त्या स्वतः एका छोट्या वाटीतले पातळ वरण चमच्याने घेत बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी विनोद केला तेव्हा मीसुद्धा हसले. हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिले असते."

मला काय बोलावे ते सुचेना. मग त्याच पुढे म्हणाल्या, "मी खात नव्हते असे नाही म्हणणार. रात्री भांडी आवरताना उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून माझ्याच पोटात जायचा. पण मी उपासही केले, भाऊ. एकदा अकरा किलो उतरवले. दीड वर्षात चौदा परत आले. तुमची भूक जेवल्यावर जाते ना? माझी जात नव्हती."

त्याच महिन्यात माझी रक्ततपासणी झाली. मी अंगाने सडपातळ. वजन ६२ किलो. डॉक्टरांनी कमरेला टेप लावली तर ती ९४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानली जाते. रक्तातील साखरही वाढलेली निघाली. सैल सदऱ्याखाली माझे बांधकाम कोणाला दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे: खादाड कोणाला म्हणावे? आणि हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

आपण सामान्यतः असे धरून चालतो की, लठ्ठ माणूस म्हणजे खादाड आणि सडपातळ माणूस म्हणजे संयमी. ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या शिक्षकांनी मात्र इतक्या सहज निवाडा केला नव्हता. महान ग्रेगरी (मृत्यू इ. स. ६०४) ह्यांनी ईयोबाच्या पुस्तकावरील आपल्या विवेचनात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळ होण्यापूर्वीच खाणे, उंची पदार्थांचा हट्ट धरणे, पदार्थ कसा रांधला ह्याविषयी फाजील चोखंदळपणा करणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे. ह्या पाचांपैकी एकच प्रकार किती खाल्ले ह्याविषयीचा आहे. खाणाऱ्याच्या कमरेच्या घेराचा तर त्यात उल्लेखही नाही. सी. एस. लुईस ह्यांनी १९४२ च्या आपल्या 'स्क्रूटेप लेटर्स' ह्या पुस्तकात अशीच एक वृद्धा रंगवली आहे. ती फार थोडे मागते, पण ते थोडे अगदी तिच्या मनासारखेच व्हावे म्हणून सर्वांना वेठीस धरते. आपण खादाड आहोत असे तिच्या स्वप्नातही येत नाही. हे वाचून मला माझी आठवण झाली. आमटीत मीठ कमी पडले म्हणून ताट पुढे सरकवणारा आमच्या घरात मीच आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते? दाळीच्या वरणासाठी एसावाने ज्येष्ठपणाचा हक्क विकला. एलीच्या पुत्रांनी लोकांच्या अर्पणातील उत्तम भाग आधीच ओरबाडून घेतला. श्रीमंत मनुष्य रोज मेजवानी झोडत असताना लाजर दाराशी उपाशी पडून होता. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनासाठी जमलेले काहीजण भरपेट जेवत आणि काहीजण तसेच राहत. ह्या सर्व ठिकाणी दोष कशात आहे ते पाहा. कोठे एका घासासाठी पवित्र गोष्ट कवडीमोल होते, तर कोठे आपण जेवत असताना शेजारी उपाशी राहतो. अन्नाविषयीच्या पापाची मोजणी शास्त्राने ह्या मापाने केली आहे. ह्या मापाने पाहिले तर काटकुळा माणूसही मोठा खादाड असू शकतो.

दानीएलाची गोष्ट आपण मुलांना उत्साहाने शिकवतो. अलीकडे काहीजण तिच्याकडे वजन उतरवण्याचा आहार म्हणूनही पाहतात. परंतु तो अध्याय पुन्हा वाचावा. दहा दिवस शाकान्न व पाणी घेतल्यावर ते चार तरुण रोडावले नाहीत, उलट अंगाने अधिक भरलेले दिसले! आणि एक गोष्ट तर विसरूच नये. खादाड हा शब्द शुभवर्तमानात लोकांनी वापरला तो आपल्या प्रभूसाठी, कारण तो जकातदार व पापी ह्यांच्या पंक्तीला बसत असे. इतक्या चुकीच्या जागी वापरला गेलेला शब्द उच्चारण्यापूर्वी आपण थोडे थांबायला हवे.

आता ताईंच्या भुकेविषयी. भूक ही केवळ मनाची कमजोरी आहे काय? ह्या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग मंडळ्यांतील तरुणांवरच झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे जगवावे हे त्यांना शोधायचे होते. हे तरुण सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते. त्यांतील पुष्कळजण ब्रदरेन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांतिवादी मंडळ्यांचे होते. मनोनिग्रह नाही असे त्यांच्याविषयी कोण म्हणेल? तरीही २४ आठवडे अर्धपोटी राहिल्यावर, वजन सुमारे चतुर्थांशाने घटल्यावर, त्यांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, स्वप्नातही अन्न पाहू लागले. काहींचा निग्रह ढळला. पुढे पोटभर अन्न मिळू लागले तरी कित्येकांना बरेच दिवस पोट भरल्यासारखे वाटेना.

हे तरुण मुळात लठ्ठ नव्हते, हे खरे. परंतु वजन फार उतरले की शरीर काय करते, हे त्यांच्यावरून कळले. पुढच्या संशोधनाने त्याची कारणेही दाखवली. १९९४ साली लेप्टिन सापडले. अंगात चरबीचा साठा पुरेसा आहे हे मेंदूला कळवणारे ते द्रव्य आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना घ्रेलिन सापडले. ते मुख्यतः जठरातून निघते आणि भूक जागवते. चरबी घटली की पहिले कमी होते आणि दुसरे वाढते. २०११ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी, दहा आठवडे अत्यल्प आहार घेऊन वजन उतरवलेल्या स्थूल व्यक्तींना वर्षभरानंतर पुन्हा तपासले. भुकेचे संकेत तेव्हाही पहिल्यासारखे झाले नव्हते. आपण चांगल्या हेतूने वजन उतरवतो, पण शरीराला आपला संकल्प कळत नाही. त्याला दुष्काळ कळतो, आणि दुष्काळाशी झगडायला ते उत्तम शिकलेले आहे.

आणि दुष्काळ आपल्या लोकांना काही नवा नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, विजापूर हा मुलूख होरपळला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांना केडगावी आसरा दिला. आपल्यातील कित्येक घराण्यांच्या आठवणी अशाच एखाद्या मिशनच्या अनाथगृहापाशी जाऊन थांबतात. उपासमारीचा ठसा पुढच्या पिढीवर कसा उमटतो ह्याचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी केला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्पटन येथील बाळांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, परंतु चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी. माझ्या सदऱ्याखालच्या पोटाची कथा कदाचित माझ्या जन्माआधीच सुरू झाली असेल.

तर मग काय, सारा दोष शरीराचा आणि आपण मोकळे? असे मुळीच नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोष कोणावरच टाकला नाही. पण तो तेथून तसाच पुढेही गेला नाही. त्या मनुष्यासाठी जे करायचे ते त्याने केले आणि त्यालाही शिलोह तळ्यावर जाऊन डोळे धुवायला सांगितले. दोष नसला तरी काम उरतेच.

हे काम व्यर्थ जात नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपैकी नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व व्यायामाकडे नीट लक्ष दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ह्या लोकांची वजने काही फार उतरली नव्हती. म्हणजे चांगल्या खाण्याचे फळ काट्यावर दिसलेच पाहिजे असे नाही. ते आत रक्तात, काळजात, गुडघ्यांत मिळत असते.

चांगले खाणे म्हणजे काय, हे सांगायला परदेशी पुस्तक नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या ताटात निम्मा भाग भाज्या व फळांचा असावा, आणि एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यांतून येऊ नये. आता आपले ताट आठवा. मध्ये भाताचा डोंगर, त्यावर पातळ आमटी आणि कडेला नावाला कोशिंबीर. सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर बेकरीची खारी नाहीतर टोस्ट. पाहुणे आले की कुंदा. मी आमच्या घरी केलेले बदल अगदी साधे आहेत. जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने आणि भाजीने करायची. मग मटकी, मूग, चवळी नाहीतर हुलग्याची उसळ, अंडे किंवा मासळी. त्याबरोबर जोंधळ्याची एक भाकरी. भात शेवटी आणि एकच वाटी. चहातील साखर आधी निम्मी, मग बंद. भात मोजूनच शिजवायचा, म्हणजे रात्री उरलेले संपवण्याचा भार गृहिणीच्या पोटावर पडत नाही. हे शेवटचे मी ताईंकडून शिकलो.

परंतु काहींच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, आणि येथे शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन ह्यांनी पाहिले की, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते व पुढे वाढत नाही. त्यावरून १९६६ साली त्यांनी लठ्ठपणासाठी जठराला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया केली. आजकाल पुष्कळदा केली जाते ती दुसरी, स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. येथे भांडे लहान होते एवढेच नव्हे. घ्रेलिन मुख्यतः जेथून निघते तो भागही जातो. म्हणून भुकेचा आवाजच बसतो. ताईंचे शब्द सांगायचे तर, "आयुष्यात पहिल्यांदा अर्धी वाटी खाऊन मला पुरे म्हणावेसे वाटले."

हा उपाय सर्वांसाठी नाही. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की बीएमआय हा आकडा मिळतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार हा आकडा ३५ किंवा अधिक असेल, किंवा ३० च्या पुढे असून मधुमेहासारखा विकार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार होतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ९० किलो असेल तर बीएमआय ३५ भरतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात सुमारे २,००० शस्त्रक्रिया झालेल्या व तितक्याच न झालेल्या स्थूल व्यक्तींची तुलना केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन वीस वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी १८ टक्के कमी होते आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. तथापि शस्त्रक्रिया म्हटली की धोका आला. रक्तस्राव, जोडातून गळती, पुढे पित्ताचे खडे अशा अडचणी काहींना येतात. निर्णय डॉक्टरांशी शांतपणे बोलूनच घ्यावा.

मग ही पळवाट आहे काय? मी ताईंची दिनचर्या पाहिली तेव्हा हा शब्द माझ्या तोंडून कायमचा गेला. सुरुवातीचे दिवस नुसते पातळ अन्न, मग मऊ कुस्करलेले, मग हळूहळू नेहमीचे. प्रत्येक घास चावून चावून बारीक करायचा. एका वाटीला वीस-पंचवीस मिनिटे. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. आधी अंडे, डाळ, पनीर, मासळी असे प्रथिनांचे पदार्थ, कारण जागा थोडी आणि गरज मोठी. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्या आयुष्यभर, आणि ठराविक काळाने रक्ततपासणी. इतके करूनही गोड व चटपटीत थोडे थोडे दिवसभर खात राहिले तर वजन पुन्हा चढू शकते. शस्त्रक्रियेने पोट लहान होते. सवयी आपोआप लहान होत नाहीत. चांगले खाणे शस्त्रक्रियेवाचून करायचे असो की शस्त्रक्रियेनंतर, ते शिकावेच लागते. फरक एवढाच की, पूर्वी ताई वादळात दिवा लावू पाहत होत्या. आता वारा पडला आहे.

श्रद्धा कमी पडली म्हणून डॉक्टरांकडे गेली, असे म्हणणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते. लूक वैद्य होता ना? पौलाने तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी उपाय सुचवला होता ना? वाचता येत नाही म्हणून चष्मा लावणाऱ्याला आपण अधिक प्रार्थना करायला सांगत नाही. आत्मसंयमन हे आत्म्याचे फळ आहे खरे. पण मदत नाकारणे म्हणजे आत्मसंयमन नव्हे. मदत नाकारण्यात कित्येकदा संयमापेक्षा अभिमानच अधिक असतो.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते, तर १८.७ टक्के स्त्रिया कृश होत्या. एकाच गल्लीत एकीला जास्तीची काळजी, दुसरीला पुरेसे नाही. अशा ठिकाणी वजन उतरवण्यासाठी लाखांचा खर्च करावा काय? प्रश्न योग्य आहे, पण तो एकाच आजाराला का विचारायचा? हृदयाची बायपास करून आलेल्या बंधूसाठी आपण उपकारस्तुती करतो; त्याचे बिल मोजत नाही. लाजराची आठवण ठेवायचीच असेल तर ती आपल्या लग्नाच्या पंगतीत, नाताळच्या फराळात आणि माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढीतही ठेवू या. केवळ आजाऱ्याच्या खाटेपाशी ती काढणे न्यायाचे नाही.

उलट बाजूचा मोहही आहे. गरज नसताना केवळ फोटोत छान दिसावे म्हणून कडक उपास, शस्त्रक्रिया किंवा २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली नवी महागडी इंजेक्शने ह्यांच्या मागे धावणे हीदेखील पोटाचीच पूजा आहे. फक्त मूर्ती बारीक आहे, इतकेच. आपल्या तरुण मुली आरशापुढे स्वतःला तुच्छ लेखू लागल्या तर देहाचे कारभारीपण शिकवण्यात आपण चुकलो असे समजावे.

शेवटी मंडळीतील वडीलधाऱ्यांना व विशेषतः रविवार शाळेच्या शिक्षकांना तीन विनंत्या करतो.

पहिली, देहावर विनोद नको. व्यासपीठावरून नको, वर्गातही नको. 'मोटू' म्हटलेले मूल हसते, पण घरी गेल्यावर काय करते ते आपण पाहत नाही.

दुसरी, सुवचन पाठ केले की गोळ्या-चॉकलेट देण्याची आपली पद्धत बदलू या. त्यामुळे देवाचे वचन आणि साखर ह्यांची जोडी लहानपणीच जमते. पेन्सिल द्यावी, पेरू द्यावा, नाहीतर पाठीवर हात ठेवून शाबासकी द्यावी.

तिसरी, जेवणातील आग्रह आवरू या. आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे रूप आहे हे मला ठाऊक आहे. पण 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात शपथ घालून वाढणे हे प्रेम नव्हे. प्रीतिभोजनात बिर्याणीबरोबर काकडीची कोशिंबीर, उसळ आणि फळे भरपूर ठेवावीत. म्हणजे ज्याला जपून खायचे आहे त्याला पंक्तीतून उठून जावे लागणार नाही.

ह्या वर्षी कापणीच्या सणाला पाळकसाहेबांच्या परवानगीने मी दोन मिनिटे उभा राहिलो. कोणाचेही नाव न घेता, दोन वर्षांपूर्वीच्या त्या विनोदाबद्दल मंडळीची क्षमा मागितली आणि माझ्या रक्तातील साखरेचा आकडाही सांगून टाकला. कोणी हसले नाही. त्या दिवशी ताई जेवायला थांबल्या. मुलांच्या पंक्तीत, छोटी ताटली घेऊन बसल्या होत्या. वाढणाऱ्या मुलाने भाताची पळी पुढे केली. त्यांनी ताटलीवर हात आडवा धरला. मुलगा बरे म्हणून पुढे गेला. पुढे मी बसलो होतो. माझ्या ताटात भात होताच, तरी हात आडवा करायला मला क्षणभर उशीर झाला.

आपला देह सांभाळण्याची सुबुद्धी आणि दुसऱ्याच्या देहाचा न्याय न करण्याची नम्रता प्रभू आपणां सर्वांस देवो.